ऑटिझमच्या शाळेत विशेष शिक्षक म्हणून रुजू होताना पहिले दोन महिने वर्गात नेमकं काय करावं?

तुम्ही लिहिलंय की विशेष शिक्षणाचा डिप्लोमा झालाय, जूनपासून स्वमग्न मुलांच्या शाळेत रुजू होताय, वर्गात सहा मुलं आणि एक मदतनीस ताई असतील, तर सुरुवात कशाने करू?

पहिले दोन आठवडे काही शिकवूच नका. नुसतं बघा आणि लिहा. सीआरआर नंबर, म्हणजे पुनर्वसन परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीतला तुमचा नोंदणी क्रमांक, अजून हातात नसेल तर आधी ते काम मार्गी लावा. 1992 च्या पुनर्वसन परिषद कायद्याप्रमाणे त्या नोंदणीशिवाय विशेष शिक्षक म्हणून काम करता येत नाही.

मुलाच्या फाइलमध्ये आयएसएए चाचणीचे, म्हणजे ऑटिझम किती तीव्र आहे ते मोजणाऱ्या भारतीय चाचणीचे गुण असतील. तिच्यात 40 मुद्दे असतात. 70 ते 106 सौम्य, 107 ते 153 मध्यम, त्याच्या वर तीव्र. हा आकडा प्रमाणपत्रासाठी. वर्गात त्याचा फारसा उपयोग नाही, कारण 95 गुणांच्या मुलाला चड्डी वर ओढता येत नाही आणि 150 गुणांचं मूल घट्ट झाकणाचा डबा झटक्यात उघडतं, असं सर्रास दिसतं. त्यापेक्षा मुलाला काय आवडतं त्याची यादी करा. दोन वस्तू समोर धरायच्या, हात कुठे जातो ते लिहायचं, मग जागा बदलून पुन्हा धरायच्या. जागा बदलणं विसरू नका. काही मुलं कायम उजवीकडचीच वस्तू उचलतात. ती आवड नव्हे, सवय असते. आवडी रोज बदलतात, म्हणून ही दोन मिनिटांची तपासणी रोज सकाळी करावी. खाऊ वापरणार असाल तर पथ्य आणि ॲलर्जी पालकांना आधी विचारा.

तिसऱ्या आठवड्यात प्रत्येक मुलासाठी एकच काम निवडा. हात धुणं घेऊ. नळ उघडणं, हात ओले करणं, साबण घेणं, तळवे चोळणं, हातांची पाठ चोळणं, फेस धुणं, नळ बंद करणं, हात पुसणं, रुमाल खुंटीवर अडकवणं, अशा नऊ पायऱ्या होतात. शिकवायला सुरुवात शेवटच्या पायरीपासून. पहिल्या आठ पायऱ्या त्याच्या हातावर हात ठेवून करून घ्या, रुमाल मात्र त्याने अडकवायचा. काम त्याच्या हातून पुरं होतं आणि बक्षीस लगेच त्यालाच लागून येतं. सलग तीन दिवस मदतीशिवाय रुमाल खुंटीवर गेला, की हात पुसणं त्याच्याकडे. असं मागे मागे यायचं.

उभं राहायचं मुलाच्या पाठीमागे, समोर नाही. मदत आधी तळहाताला, मग मनगटाला, मग कोपराला नुसता स्पर्श, शेवटी हात हवेत. दोन मदतींमध्ये मनातल्या मनात पाच आकडे मोजा. आणि तोंड बंद. नवीन शिक्षकाची हमखास चूक इथेच होते: “साबण घे, चोळ, अजून चोळ, नळ बंद कर.” मूल साबण बघून साबण घ्यायला शिकत नाही, तुमचा आवाज ऐकून घ्यायला शिकतं. वर्षभराने ते बेसिनपाशी आवाजाची वाट बघत उभं राहतं. हाताची मदत हळूहळू कमी करता येते, बोलून केलेली मदत सुटता सुटत नाही. ताईंनाही हे पहिल्याच दिवशी सांगा. त्या मायेनेच सगळं करून देतात, आणि सहा मुलांचे हात जेवणाच्या सुट्टीत उरकायचे असतात हेही खरं. म्हणून शिकवण्याचे हात धुणे वेगळ्या वेळी ठेवा.

आणखी एक भानगड नळाची. शाळेत दाबायचा नळ, घरी फिरवायचा. शाळेत उत्तम हात धुणारं मूल घरी नळावर नुसतं थापट्या मारतं आणि आई म्हणते, शाळेत काही शिकवत नाहीत. घरच्या नळाचा फोटो मागवा, शाळेत तसा एखादा नळ असेल तर आठवड्यातून दोन दिवस तिथे न्या.

बोलण्याबद्दल. सूचना दोन शब्दांची, आणि शब्द एकाच अर्थाचा. मराठीत “बस” म्हणजे खाली बस, पुरे, आणि रस्त्यावरची बससुद्धा. “आता बस!” असं ओरडलात आणि मूल खाली बसलं, तर चूक त्याची नाही. “पुरे” किंवा “थांब” ठरवून घ्या आणि सगळ्यांनी तेच वापरा. तहान लागल्यावर मूल “तुला पाणी हवं का?” असं म्हणत असेल, तर ते तुमचंच वाक्य ऐकल्यासारखं परत देतंय; ते मागणंच आहे. त्यावर “हो, हवं” असं उत्तर देऊ नका. त्याच्या तोंडी शोभेल असं “मला पाणी दे” म्हणा आणि लगेच पाणी द्या.

न बोलणाऱ्या मुलाला चित्र देऊन मागायला शिकवताना, म्हणजे पेक्सच्या पहिल्या टप्प्यात, दोन माणसं लागतातच. एक समोर आवडती वस्तू घेऊन, दुसरं पाठीमागे, चित्र उचलून समोरच्या हातात द्यायला मदत करणारं. “काय हवंय?” असं समोरच्याने विचारायचं नाही. एकट्याने हा टप्पा घ्यायला गेलं की मूल चित्राला नुसतं बोट लावून बसतं.

आता वागणूक. चावणं, डोकं आपटणं, टेबल उलथणं यांपैकी काही झालं की एका वहीत तीन रकाने भरा: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, नंतर आपण काय केलं. उत्तर बहुतेकदा तिसऱ्या रकान्यात सापडतं. मणी ओवायला दिले, मुलाने ट्रे फेकला, “जा, बाहेर बस” म्हटलं. त्याला मणी नको होते, ते सुटले. उद्या ट्रे लवकर फेकला जाईल. इथे मणी वीसचे पाच करा आणि “सुट्टी” असं कार्ड ट्रेशेजारी ठेवा. ट्रेकडे हात जायच्या आधी कार्ड हातात द्यायला लावा आणि दोन मिनिटं खरंच सोडा. दिवसात दहादा कार्ड आलं तरी पहिल्या आठवड्यात द्यायचंच. पूर्वी रडल्यावर मिळणारी वस्तू बंद केलीत, तर पहिले काही दिवस रडणं वाढतं. चौथ्या दिवशी कंटाळून दिलीत, तर इतकं रडल्यावर मिळतं हे पक्कं होतं. टिकणार नसाल तर सुरूच करू नका. आणि वागणूक अचानक बदलली, तर वही बाजूला ठेवून आधी कान, दात आणि पोट तपासायला सांगा. बद्धकोष्ठ झालेलं मूल कुठल्याच तक्त्याने शांत होत नाही.

लोंबते कानातले, ओढणी, लांब मंगळसूत्र वर्गात नको. केस धरले तर त्याची मूठ आपल्या डोक्यावर दाबून धरा, मग बोटं सोडवा. चावा घेतला तर हात मागे खेचू नका, खेचल्याने कातडी फाटते.

या मुलांमध्ये फिटचं प्रमाण जास्त असतं. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेली तर थेट दवाखाना. कांदा किंवा चप्पल घेऊन कोणी धावत आलं, तर त्यांना ॲम्ब्युलन्सला फोन करायला पाठवा.

तुम्ही जूनमध्ये येताय, म्हणून एवढं आणखी: मे महिन्याच्या सुट्टीनंतर मुलं मार्चच्या पायरीवर नसतात. जुन्या शिक्षकांच्या नोंदी घ्या, पण दोन पायऱ्या मागून धरा. गणपतीत ढोल वाजायच्या आठवडाभर आधीपासून चित्रांच्या वेळापत्रकात “बदल” असं एक कार्ड लावायला लागा, आणि पहिल्यांदा ते चांगल्या बदलासाठी वापरा, गणिताऐवजी झोका अशासाठी.