बेरोजगारांच्या यादीत मी आहे का?

(या सदरात उत्तरं देणाऱ्या लेखिका राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात ३४ वर्षं क्षेत्रीय काम करून निवृत्त झाल्या आहेत.)

प्रश्न : मी मूळचा परभणी जिल्ह्यातला. वय २७, बीएस्सी. चार वर्षं पुण्यात कॉट बेसिसवर राहून राज्यसेवा आणि कम्बाईनचा अभ्यास करतो. सोयाबीन काढायला दरवर्षी महिनाभर गावी जातो, बाकी सगळा वेळ इथेच. २०२३ ची तलाठी भरतीही हजार रुपये फी भरून दिली. आमच्या अभ्यासिकेत ऐंशी टेबलं आहेत आणि ऐंशीच्या ऐंशी जणांना नोकरी नाही. तरी बातमीत वाचलं, देशात बेरोजगारी फक्त ३.२ टक्के. डोकं सणकलं. आम्ही या आकड्यात आहोत का? की आकडाच खोटा आहे?
— एक वाचक, नवी पेठ, पुणे

उत्तर : सोयाबीनच्या महिन्याचं तुम्ही सहज लिहून गेलात, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या महिन्यातच आहे.

३.२ टक्के हा २०२३-२४ च्या श्रमशक्ती सर्वेक्षणाचा, म्हणजे पीएलएफएसचा आकडा. १५ वर्षं आणि त्यावरच्या माणसांचा, ‘नेहमीची स्थिती’ या पद्धतीने काढलेला. या पद्धतीत आम्ही मागचे ३६५ दिवस विचारतो. त्यातला जास्त काळ तुम्ही काम करत होतात, काम शोधत होतात, की दोन्ही नाही? तुम्ही अर्ज भरता, परीक्षा देता, उद्या ऑर्डर आली तर परवा हजर व्हाल. म्हणजे आमच्या फॉर्मवर कोड ८१, बेरोजगार. अभ्यासिका ही शाळा-कॉलेज नाही, त्यामुळे विद्यार्थ्यांचा कोड ९१ तुम्हाला लागत नाही. मग पुढचा प्रश्न येतो : वर्षभरात ३० दिवस किंवा त्याहून जास्त दुसरं काही काम केलंत का? केलंत. वडिलांच्या शेतात सोयाबीन काढलं, पोती भरली. पैसे मिळाले नाहीत तरी ते काम धरतात. कोड २१, घरच्या धंद्यातला बिनपगारी मदतनीस. आणि बातमीत येतो त्या आकड्यात मुख्य आणि दुय्यम अशी दोन्ही कामं धरलेली असतात. म्हणून शेतात तीस दिवस राबलात तर तुम्ही रोजगारात, एकोणतीसच दिवस राबलात तर बेरोजगार.

दुसरी पद्धत चालू आठवड्याची. गेल्या सात दिवसांत एक तास जरी काम केलं असेल तरी माणूस रोजगारात जातो. एका तासाची ही अट जगभर चालते, ती आपल्या सरकारने शोधलेली नाही. या पद्धतीने त्याच वर्षीचा आकडा ४.९ टक्के होता. आणि तुमच्या वयाच्या, म्हणजे १५ ते २९ वर्षांच्या मुलामुलींमध्ये नेहमीच्या स्थितीनेच १०.२ टक्के. अहवाल एकच, त्यात हे तिन्ही आकडे छापलेले आहेत. मथळ्यात त्यातला सगळ्यात लहान आला.

अजून एक गोष्ट तुमच्या अभ्यासिकेतल्या प्रत्येकाने वहीत लिहून ठेवावी. हा दर सगळ्या लोकसंख्येवर काढत नाहीत. जे काम करतात किंवा शोधतात, तेवढ्यांवरच काढतात. समजा अशी १०० माणसं आहेत आणि त्यातली १० बेरोजगार. दर १० टक्के. त्या दहातली पाच थकली, फॉर्म भरणं सोडून गावी जाऊन बसली. आता ९५ त पाच. दर सव्वापाचच्या आसपास. कुणाच्याही हाताला काम मिळालं नाही, तरी बेरोजगारी निम्मी झाली. म्हणून दर खाली आल्याची बातमी वाचली की मी आधी श्रमशक्तीतला सहभाग, म्हणजे काम करणाऱ्या आणि शोधणाऱ्यांचं लोकसंख्येतलं प्रमाण बघते, मग दर.

आकडा खोटा आहे, असं मी म्हणणार नाही. माझी उमेदीची वर्षं त्या आकड्यांमागे पायपीट करण्यात गेली. विचारलं तेच त्यात मोजलेलं असतं. पण आपल्यासारख्या देशात बेकार बसणं गरिबाला परवडत नाही, आणि हा दर नेमकं बसणाऱ्यालाच मोजतो. १९७२ च्या दुष्काळात माझी आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. मी दहा वर्षांची होते, तिच्या ओंजळीत सुकडी असायची आणि तळहाताला चिंध्या बांधलेल्या. तेव्हा कुणी आमच्या दारात येऊन विचारलं असतं तर ती पूर्ण रोजगारात गेली असती. बेकारी कशी मोजायची हे बघायला नेमलेल्या प्रा. दांतवाला समितीने १९७० मध्येच बजावलं होतं की इथलं काम आणि बेकारी एका आकड्यात कोंबू नका. म्हणून तर १९७२-७३ पासून वेगवेगळ्या पद्धतींनी मोजायला सुरुवात झाली. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या आग्रहातून आलेल्या आपल्या रोजगार हमीची मला याच कारणाने आजही किंमत वाटते. ‘मागेल त्याला काम’ म्हटलं की काम मागणाऱ्याचं नाव कागदावर येतं. तो कामाला ‘उपलब्ध’ आहे की नाही, हे दुसऱ्याने ठरवायचं राहत नाही.

राग कशाचा धरायचा, तेही सांगते. २०१७-१८ च्या पहिल्या पीएलएफएसमध्ये दर ६.१ टक्के निघाला होता. अहवाल तयार असूनही बाहेर येत नव्हता. जानेवारी २०१९ मध्ये पी. सी. मोहनन आणि जे. व्ही. मीनाक्षी या सदस्यांनी सरकारी आकडेवारीवर देखरेख ठेवणाऱ्या राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाचे राजीनामे दिले. आकडे आधी वर्तमानपत्रात फुटले आणि अहवाल ३१ मे २०१९ ला, निवडणूक झाल्यावर आला. लोकांनी उंबऱ्यात बसवून, चहा पाजून आम्हाला खरी उत्तरं दिली होती. ती महिनोन्महिने दडून राहिली, हे मला फार लागलं. त्या रागात मी तुमच्याबरोबर आहे.

दुसरा राग कामाच्या प्रतीचा. काम करणाऱ्यांत स्वयंरोजगारवाले २०१७-१८ मध्ये ५२.२ टक्के होते, २०२३-२४ मध्ये ५८.४ टक्के झाले. त्यात टपरीवाला आला, दीड एकरवाला आला, आणि तुमच्यासारखा महिनाभराचा मदतनीसही आला. तलाठ्याच्या साडेचार हजारांच्या आसपास जागांना १० लाखांहून जास्त अर्ज आले, ते याच कामांना कंटाळलेल्या घरांतून आले. ३.२ टक्क्यांशी भांडत बसू नका. पगारी कामं किती वाढली, हे विचारा, आणि विचारताना हे आकडे तोंडपाठ ठेवा.

तुम्हाला मोजलं कुठे जाईल, हेही सांगून ठेवते. सहा महिन्यांहून जास्त काळ बाहेर राहणारा माणूस गावच्या घरात धरत नाहीत. वसतिगृहात किंवा मेसवर राहणारा एकटा माणूस हे आमच्या लेखी एक स्वतंत्र कुटुंब. तेव्हा सर्वेक्षक आलाच तर तुमच्या खोलीवर येईल. ‘पोरं अभ्यासाला गेलीत’ असं घरमालकाला परस्पर सांगू देऊ नका. अभ्यासिकेतून उठून या आणि स्वतः उत्तरं द्या.

प्रश्न : मी घरीच असते. पहाटे उठून बारा डबे करून देते, दुपारी एका बाईच्या ब्लाउजना हुक-काजं करते. परवा सर्वेक्षणवाल्या मुलीला नवऱ्याने सांगितलं, ‘ती काही करत नाही.’ माझी नोंद कशी झाली असेल?
— एक गृहिणी, इचलकरंजी

उत्तर : ताई, हेच वाक्य मी हजारो दारांत ऐकलं. तिथेच थांबणाऱ्या सर्वेक्षकाने कोड ९२ लिहिला असेल : फक्त घरकाम, श्रमशक्तीच्या बाहेर. खरं तर तुमच्या डब्यांचे पैसे येतात, म्हणून तुम्ही कोड ११, स्वतःचा धंदा करणारी.

सांगोला तालुक्यात एका बाईने मला ‘घरीच असते’ म्हणून सांगितलं, तेव्हा तिच्या हाताला धारेचा वास होता. मी विचारलं, म्हशी किती? तीन. दूध कुठे जातं? डेअरीला. खातं कुणाच्या नावावर? नवऱ्याच्या. तेव्हापासून ‘काम करता का?’ हा प्रश्न मी बाईला कधी नुसता विचारला नाही. सकाळी उठल्यापासून काय काय केलं, तेच विचारायचे.

कामकरी आणि काम शोधणाऱ्या बायकांचं प्रमाण २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होतं, २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के. यातली मोठी वाढ खेड्यांतली, स्वयंरोजगाराची आणि घरच्या धंद्यातल्या बिनपगारी मदतीची. हे काम मोजलं गेलं, याचा मला आनंद आहे. त्याचा पगार कुणाच्या हातात पडला नाही, याचं दुःख तेवढंच आहे.

सर्वेक्षक पुन्हा आली तर पुढे होऊन तुम्ही बोला. पहाटे किती वाजता उठता, डबे किती, एका डब्याचे किती मिळतात, हुक-काजांचे डझनाला किती, सगळं सांगा. ती लिहून घेईल, ते तिचं कामच आहे.