आजीचं भूत नातीच्या घरी: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

(उत्तरांत चित्रपटांचे शेवट उघड केलेले आहेत. पाहायचे असतील तर आधी पाहून घ्या.)

प्रश्न: ‘हेरेडिटरी’ दोनदा पाहिला. बहीण म्हणते, तो पंथ वगैरे सगळं आईच्या मनाचे खेळ आहेत. मला ते खरंच घडतंय असं वाटतं. बरोबर कोण? – पुणे

तुम्ही. अॅरी अॅस्टरच्या या २०१८ च्या चित्रपटात आजीचा सैतानपूजक पंथ खरा आहे, आणि तो लपवलेलाही नाही. आजीच्या अंत्यविधीला तिच्या गळ्यात जे चिन्ह आहे, तेच तिच्या लेकीच्या, अॅनीच्याही गळ्यात आहे. पुढे अॅनीचा मुलगा पीटर धाकट्या बहिणीला, चार्लीला घेऊन पार्टीला निघतो तेव्हा वाटेतल्या खांबावर पुन्हा तेच दिसतं. परतताना चार्लीचा जीव घेणारा अपघात त्याच खांबापाशी होतो. त्यामुळे ‘वेड की भूत’ हा वाद इथे फार टिकत नाही.

पण बहिणीचंही पूर्ण चूक नाही. पंथाला आत शिरायला फट कुठून मिळाली, ते पाहा. शोकगटात अॅनी आपल्या घरचा इतिहास सांगते: वडिलांनी अन्न टाकून जीव दिला, भावाने सोळाव्या वर्षी आईच्या खोलीत गळफास घेतला, आईचं मन दुभंगलेलं होतं. अॅनी झालेल्या टोनी कोलेटने हे सगळं घाईघाईत, किराणा मालाची यादी वाचावी तसं म्हटलं आहे. पुढे लेक गेल्यावर हीच बाई अपघाताचं छोटं मॉडेल बनवते. पीटरने ते पाहिलं तर काय, असं नवरा विचारतो, तर ती म्हणते की मी फक्त त्रयस्थपणे दाखवतेय. घटना सगळ्या तोंडपाठ आहेत, दुःखाचा मात्र पत्ता नाही. ते जेवणाच्या टेबलावर उफाळतं आणि जाऊन आदळतं ते पोरावर.

सेल्मा फ्रायबर्ग आणि सहकाऱ्यांचा १९७५ चा एक गाजलेला शोधनिबंध आहे, ‘घोस्ट्स इन द नर्सरी’. ज्यांच्या बालपणी छळ किंवा हेळसांड झाली अशा काही आया तेच आपल्या बाळाबाबत करतात आणि काही करत नाहीत, असं का, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांचं निरीक्षण असं: काय घडलं ते दोघींनाही आठवतं, पण ज्यांना तेव्हाची भीती आणि वेदनाही आठवते, त्यांच्या हातून पुनरावृत्ती सहसा होत नाही. हा निबंध डोक्यात ठेवून ‘हेरेडिटरी’ तिसऱ्यांदा पाहा. लक्ष भुतावर नको, अॅनी काय सांगते आणि कोणत्या आवाजात सांगते त्यावर ठेवा. पीटर झाला तेव्हा तिने आईला जवळ येऊ दिलं नव्हतं आणि त्याची भरपाई म्हणून चार्ली आजीच्या हवाली केली. हेही ती त्याच सपाट सुरात सांगून टाकते.

प्रश्न: असे चित्रपट घरी पाहताना अर्धा वेळ पडदा काळाच असतो. टीव्ही बदलावा का? – ठाणे

आधी सेटिंग बदला. पिक्चर मोड ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’वर ठेवा, ‘इको’ किंवा ‘पॉवर सेव्हिंग’ बंद करा, हालचाल गुळगुळीत करणारी सोयही बंद करा. अॅपमध्ये डेटा सेव्हर चालू असेल तर काळ्या भागाचे चौकोनी ठोकळे दिसतात, तोही काढा. समोरच्या भिंतीवरची ट्यूब मालवा, टीव्हीच्या मागे एखादा मंद दिवा चालेल. ‘हेरेडिटरी’त पीटर रात्री जागा होतो तेव्हा त्याच्या मागे छताच्या कोपऱ्यात आई चिकटलेली असते. कॅमेरा तिकडे बोटही दाखवत नाही. मोबाइलवर पाहणाऱ्या बहुतेकांना ती दिसतच नाही आणि मग ‘संथ आहे’ अशी तक्रार येते.

प्रश्न: माझ्या आईला तीन वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे, मीच सगळं बघते. मुलगी म्हणते ‘रेलिक’ बघ, तो आपल्यावरच आहे. बघू का? – नागपूर

बघा, पण आईसोबत नको आणि रात्रीही नको. नॅटली एरिका जेम्स यांचा हा ऑस्ट्रेलियन चित्रपट (२०२०) दीड तासाला मिनिटभर कमीच आहे. दुपारी आई झोपलेली असताना, शक्यतो मुलीला शेजारी बसवून पाहा.

काय अंगावर येईल ते आधीच सांगतो. एड्ना ही आजी नातीला प्रेमाने अंगठी देते आणि पुढे तीच अंगठी चोरलीस म्हणून तिच्यावर धावून जाते. घरभर स्वतःसाठीच लिहून चिकटवलेल्या चिठ्ठ्या आहेत. फोटो सुरक्षित राहावेत म्हणून ती रानात बसून ते पुरते. सांभाळणाऱ्या माणसाला यातलं काहीच नवीन नसतं, म्हणून तर ते जड जातं. शेवटच्या भागात चाकू आहे, मारामारी आहे, घराच्या भिंती आवळत जातात. ती वीसेक मिनिटं नको वाटली तर पुढे ढकला. मात्र अगदी शेवटचा प्रसंग सोडू नका: लेक आईच्या अंगावरची मेलेली त्वचा हलक्या हाताने सोलून काढते आणि तिच्या कुशीला टेकते. मग नात त्या दोघींच्या मागे आडवी होते आणि तिला आपल्या आईच्या पाठीवर, आजीच्या अंगावर होता तसाच एक काळा डाग दिसतो. या जातकुळीच्या चित्रपटांत इतका माया असलेला शेवट क्वचित सापडतो, असं आमचं मत. आई इथे राक्षस ठरत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. संध्याकाळ झाली की आई जास्त गोंधळत असेल, आरशातल्या माणसाला भीत असेल, तर तिन्हीसांजेच्या आधीच घरातले दिवे लावा आणि आरसा झाका. या आजारात दोन्ही गोष्टी पुष्कळदा आढळतात. तुमच्यावर फार ताण येत असेल तर मानसिक आरोग्यासाठीच्या ‘टेली-मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो.

प्रश्न: आघात खरंच रक्तातून उतरतो का, की हे फक्त सिनेमावाल्यांचं? – डोंबिवली

जेवढं सिनेमा म्हणतो तेवढं सिद्ध झालेलं नाही. २०१३ मध्ये डायस आणि रेसलर या संशोधकांनी नर उंदरांना एक विशिष्ट वास देऊन सौम्य शॉक दिले, तर त्यांची पिल्लं आणि पिल्लांची पिल्लंही त्या वासाला दचकली. (म्हणजे गाजलेल्या प्रयोगातला वारसा बापाकडून आला होता. भयपटांनी मात्र सगळा भार आईवर टाकलाय!) माणसांमध्ये रेचल येहुदा यांचा होलोकॉस्टमधून वाचलेल्यांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास सतत उद्धृत होतो. त्यात वाचलेले ३२ आणि मुलं २२, एवढ्यावरून फार मोठं विधान करता येत नाही.

आणखी एक मेख आहे. मुलगी पोटात असतानाच तिच्या अंडाशयात बीजं तयार झालेली असतात. म्हणजे आजी गरोदर असताना तिच्यावर जे ओढवलं, ते आजी, आई आणि नातीचं बीज, तिघींनी एकाच वेळी सोसलं. तो वारसा नव्हे, तो प्रत्यक्ष मार. खरा वारसा म्हणायचा तर तो पणतीत दाखवावा लागतो. वागण्यातून, बोलण्यातून आणि न बोलण्यातून उतरतं त्याला मात्र अशा प्रयोगशाळेची गरज नाही. हिदेओ नाकाता यांच्या ‘डार्क वॉटर’च्या (२००२) सुरुवातीलाच पाहा: पावसात बालवाडीत ताटकळलेली मुलगी, न्यायला कुणी आलेलं नाही. ती मोठी होऊन आई होते आणि तिचीही लेक तशीच वाट पाहत बसते.

प्रश्न: मराठीत आई-मुलीचा असा भयपट का नाही? – सांगली

कारण आपल्याकडे घर आईकडून मुलीकडे जात नाही. ‘रेलिक’ किंवा ‘हेरेडिटरी’त लेक आईच्या घरात वा आईच्या सामानात अडकते. आपल्याकडे मुलगी लग्न करून निघून जाते आणि पिढीजात घर भेटतं ते सासरचं. म्हणून विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’त (भारतात २०१७ मध्ये प्रदर्शित) पूजा सावंतच्या गरोदर नेहासमोर उषा नाईक यांची तुळसाबाई आहे, भोवती उसाचं रान आहे आणि मुली मारण्याची चाल एका बाईकडून दुसरीकडे आलेली आहे. फुरियांनीच तो २०२१ मध्ये हिंदीत ‘छोरी’ म्हणून केला. आमची पसंती मराठीला. त्यातली म्हातारी अधिक ओळखीची वाटते, त्यामुळे भीतीही जास्त वाटते. ‘तुंबाड’ (२०१८) महाराष्ट्रातच घडतो, पण तिथे वारसा हावेचा आहे आणि तो बापाकडून मुलाकडे जातो. आई उलट मुलाला वाड्यापासून लांब न्यायला धडपडते.

माहेरून मुलीबरोबर जातं ते वेगळंच: दागिने, भांडी, लुगडी, सवयी, व्रतं, धाक. त्यावर मराठीत अजून पुष्कळ करता येईल. पुढचा प्रश्न नेमका तिथलाच आहे.

प्रश्न: आम्ही कॉलेजचे चौघे पंधरा मिनिटांचा भयपट करतोय. आजी गेली आहे, आई आणि दहा वर्षांची मुलगी घरात. बजेट जवळजवळ नाहीच. काय सांभाळावं? – कोल्हापूर

पटकथा बारा-तेरा पानांवर थांबवा. भयपटात न बोललेली मिनिटं जास्त असतात, पंधरा पानं लिहिलीत तर वीस मिनिटं होतील.

आजी दाखवू नका, तिची एक वस्तू दाखवा. आमची सूचना: गोधडी. आजीच्या, पणजीच्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवलेली. विकत आणू नका, जुनी मागून आणा. नव्या गोधडीचा दोरा सगळीकडे सारखाच दिसतो. जुनीत टाके कुठे दाट, कुठे उसवलेले, मध्येच रंग बदललेला, ठिगळावर ठिगळ. कॅमेरा जवळ नेलात की अर्धं काम तिथेच होतं. वस्तू तीनदा यावी. पहिल्यांदा अगदी साध्या वापरात, मुलगी पांघरून झोपलेली. दुसऱ्यांदा जिथे असायला नको तिथे, उदाहरणार्थ मोरीत घडी घालून ठेवलेली, आणि आईने ती पाहून काहीच न म्हणणं. तिसऱ्यांदा उसवलेली, आतला थर उघडा. आत काय आहे ते आत्ता, लिहितानाच ठरवा. चित्रीकरणाच्या दिवशी ‘काहीतरी भयानक’ शोधायला गेलात की हमखास बाहुली निघते.

विद्यार्थ्यांच्या अशा फिल्म पडतात त्या बहुतेक वेळा एकाच जागी: बाराव्या मिनिटाला आई मुलीला बसवून सगळं सांगते. काढून टाका. सांगायचंच असेल तर मध्येच, भाजी निवडता निवडता, भावना नसलेल्या आवाजात सांगू द्या आणि मुलीला ऐकून घाबरू द्या. आईला खलनायिकाही करू नका. ती मुलीला ज्या गोष्टीपासून वाचवायला बघते, तीच तिच्या हातून घडली पाहिजे. आणि मुलीला स्वतःचं काहीतरी हवं असू द्या, सहलीचे पैसे चालतील, नाहीतर ती फक्त किंचाळायला उरते. दचकवणं एकदाच, फार तर दोनदा. त्याआधीचे दोन-तीन सेकंद पार्श्वध्वनी हळूच काढून घ्या, आवाज मोठा करण्यापेक्षा त्याचा परिणाम जास्त होतो.

कॅमेऱ्याचं: आपली वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा. १/६० ठेवलंत तर ट्यूबच्या उजेडात पडद्यावर पट्टे सरकताना दिसतील आणि ते नंतर नीट निघत नाहीत. अंधार हवा म्हणून एक्स्पोजर पाडू नका, सावलीत रवाळ दाणे येतात. खोली थोडी उजळ चित्रित करा आणि नंतर संकलनात उजेड खाली आणा. दिवा चेहऱ्यावर मारू नका, मागच्या दारावर मारा. प्रेक्षक आपोआप दाराकडे बघत राहतो.

दहा वर्षांच्या मुलीला खरोखर घाबरवून अभिनय काढण्याचा मोह होईल. तसं करू नका. ‘द बाबाडूक’मध्ये (२०१४) आई मुलाला वाट्टेल ते बोलते, पण दिग्दर्शिका जेनिफर केंट यांनी ते शॉट घेताना मुलाच्या जागी गुडघ्यांवर बसलेला मोठा माणूस ठेवला होता. आईचे संवाद एका दिवशी घ्या, मुलीचे चेहरे दुसऱ्या दिवशी, तिला निरुपद्रवी गोष्ट सांगून. फिल्म पुढे कमाईसाठी वापरणार असाल तर कायदाही पाहा: जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, मुलांना दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. फुकटची घरगुती फिल्म असली तरी हेच तास पाळा.

आवाजाला कॅमेऱ्याहून जास्त वेळ द्या. प्रत्येक खोलीत सगळ्यांनी गप्प राहून एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा, जोडकामात ती लागतेच. टेक चालू असताना पंखा आणि फ्रिज बंद. फ्रिज बंद करताना निर्मात्याच्या गाडीची किल्ली आत ठेवा. घरी जायच्या वेळी ती शोधावीच लागते, मग फ्रिज परत चालू करायचं कुणी विसरत नाही आणि घरमालकिणीचं दूध नासत नाही.