सोलापुरात वडिलांच्या यकृतात कॅन्सरची ४ सेंमीची गाठ निघाली. ती रक्तवाहिन्यांत शिरली आहे का, हे ड्युअल एनर्जी सीटीत (दोन वेगवेगळ्या ऊर्जांच्या क्ष-किरणांनी काढलेल्या स्कॅनमध्ये) कळेल का?
मोठ्या शिरेत शिरली असेल तर बहुधा स्पष्ट दिसेल. सूक्ष्म वाहिन्यांत शिरली असेल तर सीटी फक्त अंदाज देते, मशीन कितीही नवं असो. पोर्टल व्हेन (आतड्यांकडून यकृतात रक्त आणणारी मोठी शीर) फुगलेली आणि तिच्यातली गुठळी आर्टेरियल फेजमध्ये, म्हणजे शिरेतून दिलेलं कॉन्ट्रास्ट औषध धमन्यांत असतानाच्या चित्रांत, उजळणारी असेल, तर ती साध्या रक्ताची नसून ट्यूमरची धरतात. सूक्ष्म शिरकावाचा संशय गाठीची कड वेडीवाकडी, भोवतीचं कवच तुटलेलं आणि लगतचा भाग आर्टेरियल फेजमध्ये उजळलेला असेल तेव्हा येतो. ड्युअल एनर्जीत गाठीत शिरलेलं कॉन्ट्रास्टमधलं आयोडीन मोजता येतं, हा खरा फायदा. पण माझ्या मते मशीनपेक्षा वेळ साधणं महत्त्वाचं: कॉन्ट्रास्ट सोडल्यापासून साधारण ३५-४० सेकंदांनी लेट आर्टेरियल, ७० सेकंदांनी पोर्टल, ३ ते ५ मिनिटांनी डिलेड, असे तीन फेज. नुसता एका फेजचा पोटाचा सीटी काढला तर वॉशआउट (आधी उजळलेली गाठ नंतरच्या फेजमध्ये भोवतीच्या यकृतापेक्षा काळपट दिसणं) कळत नाही, स्कॅन पुन्हा करावा लागतो आणि मूत्रपिंडांवर कॉन्ट्रास्टचा भार दुसऱ्यांदा पडतो. म्हणून सोलापुरातल्या सेंटरला आधीच विचारा, ‘ट्रायफेजिक लिव्हर प्रोटोकॉल (यकृताचा तिन्ही फेजचा स्कॅन) कराल ना?’ क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडांचं काम दाखवणाऱ्या रक्त तपासणीचा) ताजा रिपोर्ट सोबत न्या. पुण्या-मुंबईला दुसरं मत घ्यायचं असेल तर पातळ स्लाइसच्या डायकॉम फाइल्स (स्कॅनची मूळ डिजिटल चित्रं) सीडीवर मागून घ्या; फिल्मवर कड नीट तपासता येत नाही. सूक्ष्म शिरकावाचं पक्कं निदान मात्र ऑपरेशनने काढलेल्या गाठीच्या पॅथॉलॉजीतच होतं, सुईने घेतलेल्या तुकड्यात तो हुकू शकतो.