सिस्टर, हे यंत्र घरी चालवायचं कसं?

या वेळची बरीचशी पत्रं एकाच काळजीची आहेत. रुग्ण घरी आला, मागोमाग यंत्रही आलं, आणि डिस्चार्जच्या गडबडीत ते चालवायला कुणी शिकवलंच नाही. अतिदक्षता विभागात सिस्टर इनचार्ज असताना मला हीच गोष्ट सर्वांत जास्त खटकायची. निवृत्त झाल्यापासून मी घरोघरी जाऊन नातेवाइकांना यंत्रं शिकवते. त्यामुळे कोथरूडच्या पत्राला आज मुद्दाम जास्त जागा देते आहे.

प्रश्न : वडिलांना सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होत जाणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे, वय ७४. घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर मिनिटाला २ लिटरवर चालवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. दुकानदार म्हणतो, १० लिटरचंच घ्या, पुढे लागेल. सध्या ५ लिटरचं भाड्याने आणलंय. बाबांना धाप लागली की आई काटा ५ वर नेते. शिवाय आमच्याकडे दुरुस्तीसाठी गुरुवारी कधीकधी वीज बंद असते. – एक वाचक, कोथरूड

उत्तर : आधी आईंशी बोला, आजच. जीव कासावीस होतो म्हणून त्या काटा वर नेतात, हे मला कळतं. पण सीओपीडीच्या बऱ्याच रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो आणि गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला की तो आणखी वाढतो. मग डोकं दुखतं, माणूस सुस्तावतो, झापड येते. घरच्यांना वाटतं, चला, आराम पडला, झोप लागली. ती झोप नसते. हाक मारूनही नीट जाग येत नसेल, बरळत असतील किंवा ओठ निळसर दिसले, तर वाट न पाहता १०८ ला फोन करा.

अशा रुग्णांना ऑक्सिमीटरवर साधारण ८८ ते ९२ ठेवतात. शेजारच्या काकांचे ९८ येतात म्हणून बाबांचेही आले पाहिजेत, हा हट्ट सोडा. त्यांच्यासाठी नेमका आकडा कोणता, किती लिटर आणि दिवसातून किती तास, हे छातीच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद यंत्रावर चिकटवा. धाप लागली की बाबांना बसवा, पुढ्यात उशी देऊन तिच्यावर ओणवं होऊ द्या, डॉक्टरांनी दिलेला श्वासाचा पंप (इनहेलर) वापरा आणि तरीही कमी झालं नाही तर फोन करा. काट्याला हात लावायचा तो डॉक्टरांनी सांगितल्यावरच.

आता यंत्राविषयी. कॉन्सन्ट्रेटर ऑक्सिजन तयार करत नाही, खोलीतल्या हवेतूनच वेगळा काढतो. हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन आणि ७८ टक्के नायट्रोजन असतो. यंत्रात झिओलाइट नावाचे दाणे असतात. हवा दाबून त्यांच्यातून सोडली की ते नायट्रोजन धरून ठेवतात आणि नळीतून ९० ते ९५ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन बाहेर येतो. वर्षं गेली, ओल शिरली, हवा गाळणारी जाळी धुळीने भरली की शुद्धता घसरते. यंत्रावर लिटर दाखवणाऱ्या काचेच्या नळीतली गोळी मात्र २ वरच नाचत राहते, कारण ती हवा किती येते एवढंच दाखवते, त्या हवेत ऑक्सिजन किती हे नाही. म्हणून भाड्याचं यंत्र घेताना दुकानदाराला ऑक्सिजन अॅनालायझर लावून तुमच्यासमोर शुद्धता दाखवायला सांगा. तो टाळाटाळ करू लागला तर दुसरं दुकान बघा. शुद्धता कमी झाल्यावर दिवा लागणारं किंवा वाजणारं यंत्रच घ्या.

१० लिटरचं तुम्हाला नको. ते जड, आवाज जास्त, वीजही जास्त. ५ लिटरचं यंत्र साधारण ३५० वॉट खातं. दिवसाचे १५ तास चालवलं तर सव्वापाच युनिट होतात, म्हणजे बिलात ते दिसणारच. डॉक्टरांनी १५ तास सांगितले असतील तर वीज वाचवायला म्हणून ते कमी करू नका. एकदा एका घरात असं चाललेलं मी पाहिलं. आजोबांना ऑक्सिजन फक्त धाप लागल्यावर मिळायचा. घरी दीर्घकाळ ऑक्सिजन देतात तो धाप शमवण्यापुरता नसतो. हृदयावरचा ताण कमी व्हावा म्हणून तो तासांच्या हिशेबाने द्यायचा असतो.

गुरुवारसाठी बी टाइपचा सिलेंडर भरून ठेवा. त्यात साधारण १५०० लिटर ऑक्सिजन बसतो. मिनिटाला २ लिटरने चालवला तर ७५० मिनिटं, म्हणजे साडेबारा तास. गेजचा (दाब दाखवणाऱ्या तबकडीचा) काटा निम्म्यावर आला की वेळही निम्मा. सिलेंडर भिंतीला साखळीने बांधा, चावी त्यालाच अडकवून ठेवा आणि वीज असतानाच रेग्युलेटर बसवून उघडून बघा. रात्री अंधारात पहिल्यांदा चावी फिरवायची वेळ कुणावर येऊ नये. रेग्युलेटरला तेलाचा हात लावू नका, ऑक्सिजनच्या दाबाखाली तेल पेट घेतं. नाकाला व्हॅसलीन लावू नका, पाण्यात विरघळणारं जेल मिळतं. समई, उदबत्ती आणि गॅसची शेगडी दहा फुटांवर राहू द्या. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर त्याने घराबाहेरच जावं.

ऑक्सिजन ओलसर करणारी पाण्याची बाटली २ लिटरला बहुधा लागत नाही. नाक कोरडं पडत असेल तरच लावा. लावलीत तर डिस्टिल्ड किंवा उकळून गार केलेलं पाणी वापरा आणि ते रोज बदला. यंत्र भिंतीपासून फूटभर पुढे ओढा, पडद्याला चिकटवू नका. जाळी आठवड्यातून एकदा धुऊन पूर्ण वाळली की मगच बसवा.

प्रश्न : सासूबाईंच्या बोटाला मेंदी आहे. ऑक्सिमीटर एका बोटावर ८४ दाखवतो, दुसऱ्यावर ९६. खरं कोणतं? – एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : बहुधा ९६. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका, नाडीची पट्टी किंवा लाट एकसारखी चालते आहे का ते बघा. हे तंत्र जपानचे अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये शोधलं. बोटातून तांबडा आणि इन्फ्रारेड असे दोन उजेड सोडायचे आणि ठोक्यागणिक कोणता किती शोषला जातो, यावरून रक्तातला ऑक्सिजन ओळखायचा. काळपट मेंदी, गडद नेलपॉलिश, गार पडलेलं बोट, थरथरणारा हात, यांतलं काहीही या उजेडाच्या आड येतं. बोट चोळून ऊबदार करा, हात मांडीवर स्थिर ठेवा आणि अर्धा-एक मिनिट थांबून मग वाचा. सासूबाईंना धाप लागत असेल तर आकडा ९६ असला तरी दाखवून आणा.

तुम्ही विचारलेलं नाही, तरी एक सांगते. बंद न्हाणीघरात गॅस गीझर चालू असताना कुणी कोसळलं तर ऑक्सिमीटर लावत बसू नका. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही या यंत्राला ऑक्सिजनने भरलेलंच वाटतं, म्हणून ते ९८ सुद्धा दाखवतं. गॅस बंद करा, दार-खिडक्या उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि थेट रुग्णालय गाठा.

प्रश्न : माझा भाऊ आयसीयूत व्हेंटिलेटरवर आहे. यंत्र सारखं वाजतं आणि सिस्टर धावत येत नाहीत. रागवावं का? – एक वाचक, हडपसर

उत्तर : तुमची तगमग मला समजते. प्रत्येक आवाजाचा अर्थ वेगळा असतो आणि काम करणाऱ्या सिस्टरला तो पाठ असतो. भाऊ खोकला, नळीत कफ आला किंवा त्याने नळी चावली की दाब वाढल्याचा अलार्म होतो. नळी कुठे सुटली तर दाब घटल्याचा होतो, त्याला मात्र धावावंच लागतं. मॉनिटर श्वास मोजतो तो छातीवरच्या चिकटपट्ट्यांवरून. रुग्णाने कूस बदलली तरी तो आकडा उड्या मारतो. तुम्ही आवाज बंद करायचं बटण मात्र कधी दाबू नका. भेटीच्या वेळी शांतपणे विचारा, "सिस्टर, हा कशाचा आवाज?" उत्तर मिळायलाच हवं, तो तुमचा हक्क आहे. लाल दिव्यासकट वाजणारा आवाज चालूच राहिला आणि कुणी फिरकलं नाही, तर निःसंकोच मोठ्याने हाक मारा.

प्रश्न : आजीसाठी एअरबेड आणला, तरी माकडहाडापाशी लाली आलीच. बेड खराब निघाला का? – एक वाचक, धनकवडी

उत्तर : बेडवर काय अंथरलंय ते आधी बघा. जाड गोधडी, वर रबरशीट, वर घडी घातलेली चादर असेल तर हवेचे कप्पे आळीपाळीने फुगतात-बसतात त्याचा आजीच्या कातडीला काहीच फायदा नाही. एकच पातळ सुती चादर घाला, सुरकुती राहू देऊ नका. हात एअरबेडखाली सरकवून माकडहाडाच्या बरोबर खाली तळवा ठेवा. तिथे हवेचा इंचभर तरी थर लागला पाहिजे. हाड हाताला टेकत असेल तर पंपाचा दाब वाढवा. आणि एअरबेड असला तरी दर दोन तासांनी कूस बदलायचीच, रात्रीसुद्धा. घरातल्यांनी पाळ्या लावून घ्या, एकट्या सुनेवर टाकू नका. लाल जागा चोळू नका. बोटाने दाबल्यावर तिथला लालपणा जात नसेल, तर ती जखमेची सुरुवात आहे. कातडी फुटायच्या आत, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.