'व्हेजिटेबल लव्ह' म्हणजे कसलं प्रेम?

प्रश्न असा : सतराव्या शतकातला इंग्रज कवी अँड्र्यू मार्व्हेलच्या 'टू हिज कॉय मिस्ट्रेस' या कवितेतला प्रियकर आपल्या प्रेमाला 'व्हेजिटेबल लव्ह' म्हणतो. प्रेमाला भाजीची उपमा?

कोबी-भोपळा डोळ्यांसमोर येऊन हसू फुटतं खरं. पण ही कविता छापली गेली 1681 मध्ये, आणि या शब्दाला 'भाजी' हा अर्थ चिकटला तो अठराव्या शतकात. त्याचं मूळ लॅटिन आहे, आणि तिथे अर्थ आहे चेतना देणं, जोम आणणं. ॲरिस्टॉटलपासून चालत आलेली एक कल्पना अशी, की वनस्पतीत फक्त वाढण्याची आणि प्रजननाची शक्ती असते, प्राण्यांत संवेदनाही असते आणि माणसात त्यावर विवेक. मार्व्हेलचं 'व्हेजिटेबल' त्या पहिल्या पायरीवरचं : नुसतं वाढत राहणारं. मी तर तिथे वड डोळ्यांसमोर आणते. वेळ अमाप असता, तर माझं प्रेम साम्राज्यांहून विशाल आणि त्यांच्याहूनही संथ वाढलं असतं, असं तो म्हणतो. तू गंगेकाठी माणकं वेचली असतीस, तुझे डोळे वाखाणायला मी शंभर वर्षं घेतली असती! आणि लगेच पाठीमागे काळाच्या रथाची चाहूल. भाजी म्हणून वाचलं की ही संथपणाची सगळी गंमत हातची जाते.

जुन्या शब्दाला आजचा अर्थ लावला की असं फसायला होतं. इंग्रज कवी थॉमस ग्रेच्या 1751 च्या विलापिकेत, म्हणजे शोककवितेत, तर एका ओळीत असे दोन खड्डे आहेत : 'रूड फोरफादर्स ऑफ द हॅम्लेट'. शेक्सपिअरच्या नाटकातल्या हॅम्लेटचे, डेन्मार्कच्या राजपुत्राचे, उर्मट पूर्वज? छे! 'हॅम्लेट' म्हणजे वाडी, आणि 'रूड' म्हणजे अडाणी, शाळा न पाहिलेले. ज्या गरिबांसाठी कवीचा जीव तुटतो, त्यांनाच आपण उद्धट ठरवून बसतो.

'सिली'चं नशीब मला सगळ्यात वाईट वाटतं. मूळ अर्थ धन्य, सुखी. जर्मन 'झेलिग'मध्ये तो अजून टिकून आहे. इंग्रजीत मात्र धन्यचा निष्पाप झाला, निष्पापचा बिचारा, बिचाऱ्याचा मूर्ख. आपल्याकडे संस्कृतातला 'राग' म्हणजे प्रेम, आसक्ती. मराठीत आपण त्याचा संताप केला, तसंच हे. इंग्रज कवी कोलरिजच्या कवितेतल्या म्हाताऱ्या खलाशाच्या जहाजावर 'सिली बकेट्स' आहेत, त्या मूर्ख बादल्या नव्हेत, बिचाऱ्या साध्यासुध्या बादल्या. कितीतरी दिवस कोरड्या पडलेल्या. त्या दवाने भरल्याचं स्वप्न खलाशाला पडतं, आणि जाग येते तेव्हा पाऊस पडत असतो.