वाचक विचारतात: वाघ सोडला, मग बिबट्या कुणी सोडला?

प्रश्न (शिराळा तालुक्यातून): चांदोलीत विदर्भातनं वाघीण आणून सोडली असं वाचलं. इथं आधीच बिबट्यानं वस्तीवर एक कुत्रं शिल्लक ठेवलं नाही, तेही फॉरेस्टवाल्यांनीच सोडलेत म्हणतात. आता वाघ कशाला? आमच्या म्हशींचं काय?

उत्तर: दादा, वाघीण सोडली हे खरं, बिबट्या सोडला हे खरं नाही. म्हणजे विहिरीतनं काढलेला किंवा पिंजऱ्यात सापडलेला बिबट्या दुसरीकडे नेऊन सोडतात कधी कधी, त्यावरनंच ही बोलवा उठली असणार, पण शिराळा-कराडच्या उसातले बिबटे तिथंच जन्मलेत. आडसाली ऊस दीड वर्ष उभा असतो, आत गारवा, पाणी, माणूस नाही, बाहेर कुत्री, डुकरं, शेरडं. मादी तिथंच पिलं घालते, म्हणून तर तोड लागली की फडात बछडी सापडतात. त्या पिलाला जंगल ठाऊकच नसतं, ऊस हेच त्याचं घर.

वाघाचं निराळं आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, नावात व्याघ्र आलं पण वाघ कॅमेऱ्यात कधीतरीच दिसायचा. दक्षिणेकडनं, गोवा-कर्नाटकच्या जंगलातनं डोंगर धरून येतो तो बहुतेक नर असतो. नर लांब भटकतो, मादी मात्र आईच्या हद्दीच्या आसपासच बस्तान मांडते, मग इतक्या लांब माद्या येणार कुठनं आणि पिलं होणार कशी? म्हणून नोव्हेंबर 2025 मध्ये ताडोबातनं पहिली वाघीण आणली. आणली आणि दिली सोडून असंही नाही, आधी चांदोलीतच मोठ्या कुंपणात ठेवली, गळ्यात रेडिओ कॉलर. एकूण 8 वाघ आणायची परवानगी आहे.

आता खरा प्रश्न तिच्या पोटाचा. चांदोलीत गवा, सांबर, भेकर, रानडुक्कर आहेत, तरी खाणं वाढावं म्हणून आधी सागरेश्वरातली चितळं नेऊन सोडली. सागरेश्वरची गंमत अशी की देवराष्ट्र्याजवळचा तो डोंगर एकेकाळी उघडाबोडका होता, माणसांनी झाडं जगवली, हरणं आणून सोडली, पण हरणं खाणारं मोठं जनावर काय तिथं नव्हतं. हरणं वाढली, कुंपणाबाहेर पडून आसपासच्या गावांतली पिकं खायला लागली, शेतकरी वैतागले. म्हणजे एका ठिकाणी जास्त झालेलं दुसऱ्या ठिकाणी कामाला आलं, हा भाग मला तरी आवडला. नुसतं सोडून भागत नाही, ते काय खाणार आणि त्याला कोण खाणार हे आधी बघावं लागतं.

म्हशींबद्दल: रात्री बंदिस्त गोठा, आणि जंगलाच्या कडेला एकट्या पोराला गुरांमागं धाडू नका. जनावर मारलंच तर मढं हलवायचं नाही, फोटो काढायचा, लगेच वनरक्षकाला नाहीतर वनविभागाच्या 1926 या मदत क्रमांकावर फोन करायचा, पंचनामा झाला की भरपाई मागता येते. आणि रागाच्या भरात मढ्यावर विष टाकू नका, गावची कुत्री, तरस, कावळे सगळी मरतात आणि केस होते ती वेगळीच.

प्रश्न (भिलवडी): कृष्णेत मगरी कुणी आणून सोडल्या? नेऊन दुसरीकडे टाका की!

उत्तर: कुणी नाही हो ताई, मगर कृष्णेचीच. मधे शिकारीनं कमी झाल्या होत्या, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षण मिळालं. तिला अंडी घालायला काठाची मोकळी माती-वाळू लागते, ती उन्हाळ्यात अंडी घालते, पावसाच्या तोंडाला पिलं निघतात. आपण वाळू उपसली, पार पाण्यापर्यंत ऊस लावला, मग ती घाटाजवळ दिसणारच. एक मगर उचलून नेली तर रिकामी जागा दुसरी धरते. त्यापेक्षा चिकनच्या दुकानातली घाण नदीत टाकणं बंद करायला लावा, आणि धुणं-भांड्याला रोज त्याच जागी पाण्याच्या कडेला बसू नका.

प्रश्न (सांगली): टाकीतला सकर मासा फूटभर झालाय, मारायला जीव होत नाही. कृष्णेत सोडला तर पुण्यच ना?

उत्तर: अजिबात नाही, सोडू नका! मगरीला बाहेरची म्हणणारं गाव आणि दक्षिण अमेरिकेतला मासा नदीत सोडणारं गाव एकच, काय बोलायचं. सकर काठाला बिळं पाडतो, त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात, खायला कोण घेत नाही, उजनी धरणाच्या मच्छीमारांना विचारा. चिलापी हा असाच बाहेरचा मासा, तोही आधीच नदीभर झालाय. आफ्रिकन मांगूर तर 2000 सालापासून बंदी असूनही चोरून पाळतात, पुरात तळी फुटली की तो थेट नदीत, आणि तो दुसरे मासे खातो, मग आपल्या वाम-मरळ माशांचं काय खरं नाही. तुमचा मासा ॲक्वेरियमवाला परत घेतो का बघा, नाहीतर आहे त्या टाकीत सांभाळा.

प्रश्न (माण): गावच्या गायरानावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडियाचं झाड) लावतोय, रोपं फुकट मिळतायत, भराभर वाढतं. चांगलंच ना?

उत्तर: बांधाला लावा, पाला खताला झकास. पण सगळा माळ झाकू नका. माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे, लांडगा, खोकड आणि धाविक, चंडोल या पक्ष्यांना उघडं गवतच लागतं. माळढोक असाच गेला, देशात आता जेमतेम दीडशेच्या आसपास उरलाय, सातारा-सांगलीच्या माळांवर तर विषयच संपला. पवन्या, डोंगरी, कुसळी ही गवतं राखा, मेंढरं आलटून पालटून चारा, आणि झाडं लावायचीच हौस असेल तर ओढ्याकाठी करंज, बाभूळ, लिंब लावा.