एकच इंजिन, तेही बंद पडलं तर?

प्रश्न : माझा मुलगा लष्करात पायलट आहे. नुकतीच त्याची चीता हेलिकॉप्टरवर नेमणूक झाली. त्याला एकच इंजिन असतं हे कळल्यापासून माझी झोप उडाली आहे. ते हवेत बंद पडलं तर? – एक आई, विश्रांतवाडी, पुणे

उत्तर : ताई, पोटच्या पोराची काळजी कुणाच्या सांगण्याने जात नाही. पण इंजिन बंद पडलं की हेलिकॉप्टर दगडासारखं कोसळतं, हे मनातून काढून टाका. चेतक-चीतांच्या देखभालीत माझी अठरा वर्षं गेली. उड्डाणानंतर इंजिन बंद केलं की त्याची शीळ विरून जायची, पाती मात्र रोटर-ब्रेक लावेपर्यंत फिरत राहायची.

सायकल आठवा. उतारावर पायडल थांबवलं तरी फ्रीव्हीलमुळे चाक टकटक करत फिरतंच. इथेही इंजिन थांबताच फ्रीव्हील पात्यांना मोकळं सोडतं. पायलट डाव्या हातातला कलेक्टिव्ह, म्हणजे सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलणारा दांडा, झटकन खाली नेतो, पात्यांचा कोन कमी होतो आणि खालून येणारी हवाच ती फिरवत ठेवते. हेच ऑटोरोटेशन. आपल्याकडे रस्त्याकडेला महोगनीची झाडं आहेत, त्यांचं बी भिरभिरत उतरताना बघा. जमीन जवळ आली की पायलट नाक उचलून वेग मोडतो आणि अगदी शेवटी कलेक्टिव्ह वर ओढतो. फिरत्या पात्यांत साठलेल्या ताकदीवर हेलिकॉप्टर टेकतं. ही संधी एकदाच मिळते, म्हणून सराव कसून करून घेतात.

खरा धोका जमिनीलगत, संथ उडताना असतो. तिथे हे सगळं करायला उंचीच पुरत नाही. तुमच्यापासून ते लपवणार नाही.

इंजिन एक असलं तरी तोकडं नाही. चीताचं आर्टुस्ट नावाचं इंजिन 870 अश्वशक्तीचं, पण त्यातली 550च वापरायची मुभा. विरळ हवेत इंजिनाचा दम कमी होतो, तेव्हा ही शिल्लक कामी येते. चीता म्हणजे मूळचं फ्रेंच लामा, आपल्या सैन्याच्या डोंगराळ गरजेसाठीच बनलेलं. 21 जून 1972 रोजी फ्रेंच चाचणी पायलट ज्याँ बुले यांनी लामा 12,442 मीटरवर नेलं, एव्हरेस्टहून साडेतीन किलोमीटर वर. तिथे इंजिन विझलं, पुन्हा सुरूच झालं नाही. बुले ऑटोरोटेशन करत थेट जमिनीपर्यंत सुखरूप उतरले.

मुलगा सुट्टीवर आला की विचारा, इंजिन गेलं तर आधी काय करतोस? तोंडाने उत्तर यायच्या आत त्याचा डावा हात खाली गेलेला दिसेल.